भालोजी साळिंदराचं परखड मत

एका जंगलात, मुलांनो, शाळा नव्हती, रस्ता नव्हता, दवाखाना तर नव्हताच. पण चित्रकथा मात्र वेळच्या वेळी निघायच्या. तुम्ही ज्याला कॉमिक म्हणता ना, तेच. दर तिसऱ्या पौर्णिमेला नवा अंक. पळसाच्या पानांवर काढलेला आणि गवताच्या काडीने टाचलेला.

चित्रं काढायची झुबकी नावाची खार. जांभळाच्या रसात शेपटी बुडवायची आणि पानावरून फिरवायची. तिचा नायक होता वज्रकासव. त्याच्या पाठीवर वीज पडली तरी वीजच तुटायची. फक्त ते चालायचं कासवासारखं. त्यामुळे संकटाच्या जागी पोचायला त्याला अख्खा अंक लागायचा. शेवटच्या पानावर ते एकदाचं पोचायचं आणि ओरडायचं, “आलो रे आलो!” मग सगळं जंगल टाळ्या वाजवायचं. ज्यांना टाळ्या वाजवता येत नसत ते शेपट्या आपटायचे.

या वज्रकासवाचा सगळ्यात मोठा चाहता होता भालोजी साळिंदर. लहानपणी तापाने पंधरा दिवस बिळात पडून होता, तेव्हा आईने त्याला झुबकीच्या आजीने काढलेला पहिला अंक आणून दिला होता. तो त्याने इतक्या वेळा वाचला की पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. त्या शिराही त्याने जपून ठेवल्या होत्या.

आता चाहता म्हटला की त्याला मतं आलीच. जंगलात त्याचीही सोय होती. पाणवठ्याजवळ मोहाचं एक जुनं झाड होतं. अंक वाचायचा, आपलं मत पानावर लिहायचं आणि ते पान झाडाला टोचून ठेवायचं, अशी रीत होती. टोचायला बाभळीचे काटे तिथेच ढिगाने पडलेले असत. ससा, मुंगूस, माकडं, सगळे तेच वापरत.

भालोजीला हे पटत नसे.

“बाभळीचा काटा कोणीही लावतो,” तो म्हणायचा. “मत माझं, तर काटाही माझाच पाहिजे.”

आणि पाठीवरचा, दोन्ही टोकांना अणकुचीदार असा एक काटा उपटून, टच्चकन, तो आपलं मत झाडाला ठोकायचा.

सुरुवातीला वर्षाकाठी एखादा काटा जायचा. पण अलीकडे, मुलांनो, चित्रकथांचे दिवस बदलले होते आणि पानागणिक काटा जाऊ लागला होता.

वज्रकासवाला पंख फुटले. भालोजीने लिहिलं, “कासव पहिल्याच पानावर पोचलं, तर उरलेली अकरा पानं आम्ही काय शेळीला घालायची?” टच्चकन.

वज्रकासवाला बालपणीचं दुःख आठवलं आणि ते तीन अंक चिखलात बसून राहिलं. भालोजीने लिहिलं, “चिखलात बसायला शक्ती लागत नाही. ते आमची म्हैसही करते.” टच्चकन.

मग शेजारच्या जंगलातलं दुसरं वज्रकासव आलं, त्याच्या शेजारच्या जंगलातलं तिसरं आलं, आणि एक उलटं चालणारंही आलं. भालोजीने लिहिलं, “यातलं आपलं कुठलं, ते कृपया पाठीवर खूण करून सांगावे.” टच्चकन.

झुबकीने ‘सात चंद्रांचं राज्य’ नावाची नवी अद्भुत मालिका काढली. त्यात राक्षस होते, उडते डोंगर होते, पुढे-मागे नकाशेही होते. भालोजीने नकाशे दोन दिवस उन्हात धरून पाहिले. “नदी डोंगरावर चढताना दिसते,” त्याने लिहिलं. “सात चंद्र मी मान्य केले. हे मान्य करणार नाही.” टच्चकन.

एक अंक तर पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी निघाला. आत गोष्ट एकच. भालोजीने पाचही घेतले, पाचही वाचले आणि पाच वेगळी मतं लिहिली. त्या आठवड्यात त्याला पाठीवर झोपता येऊ लागलं.

त्याची बायको साळू काळजीने निम्मी झाली.

“अहो, हिवाळा तोंडावर आलाय,” ती म्हणाली. “त्यात बिबट्या फिरतोय म्हणतात. अंगावर काही तरी ठेवा की!”

“अगं, पण त्या नकाशातली नदी...”

“चुलीत गेली ती नदी!”

एकदा झुबकीही फांदीवरून खाली आली. “भालोजीकाका,” तिने भीत भीत विचारलं, “तुम्हाला एवढं आवडत नाही, तर तुम्ही वाचता कशाला?”

भालोजीला फार लागलं ते. त्याचे डोळे भरून आले.

“आवडत नाही म्हणालं कोण?” तो म्हणाला. “अगं पोरी, माझा जीव आहे वज्रकासवावर! ससा बघ, दर अंकाला ‘छान’ लिहितो आणि निघून जातो. त्याला मेलं काही वाटतच नाही.”

झुबकी वर गेली आणि तिने शेपटी पुन्हा रसात बुडवली.

होता होता भालोजीच्या पाठीवर एकच काटा उरला. बाकी अंग गुलाबी, गुळगुळीत आणि थंडीने शहारलेलं. तेवढ्यात वज्रकासवाचा पन्नासावा अंक आला. त्यात त्या दुसऱ्या मालिकेतले सातही चंद्र वज्रकासवाच्या पाठीवर पडले आणि सातही फुटले. साळूने दारातच भालोजीला अडवलं.

“एवढा एक राहू द्या. माझ्यासाठी.”

भालोजी थांबला. त्याचं साळूवर प्रेम होतं. खरंच होतं.

“पण चंद्र फुटतात कसे, साळू?” तो कळवळून म्हणाला. “आतून पोकळ होते का ते?”

आणि गेला.

दिवस कलला होता. पाणवठ्यावर कोणी नव्हतं. भालोजीने शेवटचा काटा उपटला, मत ठोकलं, समाधानाने मागे वळला आणि पाहतो तर समोर बिबट्या.

बिबट्यानेही त्याला नीट न्याहाळलं. असं काही त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

“तू कोण रे?”

“साळिंदर,” भालोजी म्हणाला.

“मग काटे कुठायत?”

भालोजीने झाडाकडे बोट दाखवलं. बिबट्याने वर पाहिलं. बुंधा खालपासून वरपर्यंत काट्यांनी भरला होता आणि प्रत्येक काट्याखाली एक पान फडफडत होतं. बिबट्या वाचू लागला. वाचता वाचता त्याच्या मिशा ताठ झाल्या.

“अंक बेचाळीस. अत्यंत टाकाऊ,” त्याने मोठ्याने वाचलं. “हे तू लिहिलंस?”

“हो.”

“अरे, चाळिसाव्यात वज्रकासव मेलं तेव्हा मी दोन दिवस हरणाला शिवलो नाही! बेचाळिसाव्यात ते परत आलं तेव्हा मी या दगडावर नाचलो! आणि तू टाकाऊ म्हणतोस?”

बिबट्या जवळ आला. त्याचा श्वास भालोजीच्या उघड्या पाठीला लागत होता.

“ऐक,” बिबट्या म्हणाला. “चाहत्याला खाणं माझ्याही जिवावर येतं. नुसतं म्हण, बेचाळिसावा अंक चांगला आहे. सोडतो तुला.”

दोन शब्दांचं काम होतं, मुलांनो. भालोजीला साळू आठवली, बिळातली ऊब आठवली. त्याला जगायचं होतं. अगदी मनापासून जगायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

“बेचाळिसावा अंक,” तो म्हणाला, “चां...”

“हां, बोल!”

“चां...”

“बोल, बोल!”

“पण ते परत आलं कसं?” भालोजी किंचाळला. “मेलेलं कासव परत येतं, तर काही कारण द्याल की नाही? चाळिसाव्यात त्याची पाठ फुटलेली दाखवलीय! ती सांधली कोणी? सुताराने?”

बिबट्या रागाने लालबुंद झाला. इतका, की खाण्याचंही भान राहिलं नाही. आधी ते बेचाळिसाव्या अंकाचं मत फाडून टाकावं म्हणून त्याने डरकाळी फोडली आणि दोन्ही पंजे मारले झाडावर, अगदी जीव खाऊन.

पुढचं तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. दहा वर्षांची मतं होती ती. त्यातली निम्मी त्याच्या पंजांत रुतली. पंखांबद्दलचं मत नाकात गेलं. बिबट्या केकाटत, मागच्या दोन पायांवर नाचत, जंगलाबाहेर जो पळाला तो परत आलाच नाही.

झुबकीने हे सगळं वरच्या फांदीवरून पाहिलं होतं. तिने तीन महिने खपून एक्कावन्नावा अंक काढला. त्यात नायक वज्रकासव नव्हतंच. त्यात होतं एक उघड्या पाठीचं साळिंदर. ते मरणासमोर उभं राहतं, पण खोटं बोलत नाही. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘भालोजीकाकांना’.

सगळं जंगल रडलं. साळूला तर हुंदका आवरेना. भालोजी मात्र कोपऱ्यात बसून शांतपणे वाचत होता. एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. साळूला वाटलं, आता तरी याचं मन भरलं असेल. तिने मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिथे कोवळा, नवा, पहिला काटा उगवला होता.

भालोजी उठला. पाणवठ्यावर गेला. त्याने पानावर लिहिलं, “चित्रं बरी. पण कथा पटत नाही. जिवावर बेतलेलं असताना कुठलं साळिंदर जुन्या अंकावरून वाद घालत बसेल?”

आणि पाठीवरचा तो कोवळा काटा उपटून, टच्चकन.

तात्पर्य : काटे अंगावर बाळगून काही उपयोग नसतो. ते वेळच्या वेळी दुसऱ्याच्या कामाला टोचून ठेवावेत, म्हणजे संकटात आयते सापडतात.