कपाटाची हरकत

धर्मादाय दुकानातून घेतलेली वस्तू नफ्याने विकायची असेल तर त्या वस्तूची संमती लागते, आणि शालन कासार यांच्या लोखंडी कपाटाने ती नाकारली.

सुनावणी जयसिंगपुरात, परवाना कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर झाली. मी तिथे लेखनिक आहे. कपाट जिना चढून वेळेवर आलं. वस्तू वेळ पाळतात, माणसंच चहाला जातात. सुनावणी घेणाऱ्या नेर्लेकर साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. ते उभंच बरं म्हणालं.

शालनबाईंनी त्याला सेवाधामच्या दुकानातून, न खपलेला माल म्हणून, पाचशेला घेतलं होतं आणि आता त्या बावीसशे मागत होत्या. हरकत मंजूर झाली की कपाट दुकानात परत, आणि शालनबाईंचा जुन्या सामानाचा परवाना कायमचा रद्द. त्यांचं घर त्याच धंद्यावर चालतं. पदराचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं.

"तुझा गंज मी काढला," त्या कपाटाला म्हणाल्या. "दोन दिवस घासत होते. बिजागऱ्या नव्या, आरसा नवा."

"मान्य," कपाट म्हणालं. "पण मला दान दिलं होतं. गरजू बाईच्या घरी जावं म्हणून. तुम्ही मधेच उचललंत आणि चौपट भाव लावलात. हे बरं नव्हे."

मला कपाटाचं पटलं. लेखनिकाला पटायचं नसतं, तरी पटलं.

"आठ महिने तिथे होतात," साहेबांनी कपाटाला विचारलं. "गरजू बाई आली का?"

"एक आली होती. दार उघडून बघितलं, कप्पे मोजले आणि निघून गेली. का, ते ठाऊक नाही."

"मला ठाऊक हाय," मागच्या बाकावरून आवाज आला. भारती आवळे. तंबाखूच्या वखारीत कामाला. शालनबाईंकडून कपाट घेणारं गिऱ्हाईक हीच. "ती मीच. तिथं वहीत लिवून द्यावं लागतंय, मी गरीब हाय म्हणून. खाली सही. न्हाई केली. रोज कामाला जाते मी."

"पण पाचशेला मिळत होतं," साहेब म्हणाले.

"ते देत हुते, साहेब. शालनवैनी इकतात."

कपाटाने दार अर्धवट उघडलं आणि मिटलं. अशा वेळी मी 'वस्तू विचार करत आहे' असं लिहितो. मग ते म्हणालं, "हरकत मागे. मात्र बावीसशे कमी होतात. पंचवीसशे."

शालनबाई तोंड उघडणार, तोवर भारती पदर खोचून उभी. "पंचवीसशे? एक पाय वाकडा हाय तुझा! अठराशे."

"चोवीसशे. आत चोरकप्पा आहे."

"त्याची किल्ली कुठंय? एकोणीसशे."

चौदा वर्षं नोकरी झाली, पण वस्तूने स्वतःचा भाव केलेला मी पहिल्यांदा ऐकला. कपाटाचा आवाज चढत चालला होता आणि ते भांडत नव्हतं, खूश होतं. "आजवर माझ्यासाठी कुणी घासाघीस केली नव्हती," ते मधेच म्हणालं, आणि पुन्हा तेवीसशेवर अडून बसलं.

एकवीसशेवर सौदा ठरला. शालनबाईंचे शंभर गेले, तरी त्या डोळे पुसत हसत होत्या. साहेबांनी परवाना परत त्यांच्या हातात ठेवला आणि मी शिक्का मारला.

टेम्पो सांगितला होता. कपाट थांबलं नाही. ते जिना उतरून भर बाजारातून चालू लागलं, आणि पुढे भारती प्रत्येक दुकानदाराला थांबवून सांगत होती, "पंचवीसशे म्हणत हुतं. एकवीसशेला घेतलं!"