सोड्याचं डोकं आणि दर्याचा नारळ

नारळी पुनवेला दर्याला वाहायच्या नारळाची शेंडी थळच्या कोळीवाड्यात एका सशाने उपटली. हे वाक्य वाचकांनी लगेच विसरावं, कारण असं काहीही घडलेलं नाही. घडलं असतं, तर शिवदास नाखव्याचा मुलगा परेश अजून घरात राहत नसता.

ससा परेशच्या धाकट्या बहिणीचा, प्राप्तीचा. ती मुंबईत नर्स. होस्टेलात ससा चालेना, म्हणून मांडव्याच्या बोटीने आणून तिने तो भावाच्या गळ्यात घातला. रंग सुक्या कोलंबीच्या सोड्यांसारखा, म्हणून नाव सोड्या.

"दादा, नुसता कोंडून ठेवू नको हां. कंटाळला की खंगतो ससा. डोक्याला काम दे त्याच्या."

"माझ्या डोक्याला कुठं काम हाय? सशाला कुठनं देऊ?"

पण मासेमारीबंदीचे दोन महिने होडी किनाऱ्यावर, हात रिकामे. परेशने फुटक्या ड्रमाचा बोगदा केला, मासळीच्या क्रेटात जुने पेपर भरले. मग त्याला एक खेळ सुचला. नारळाच्या सोडणात, म्हणजे वरच्या सालीत, गाजराचा तुकडा खुपसायचा आणि सोड्याने काथ्या उपसून तो शोधायचा. पंधरा दिवसांत सोड्याचा सिद्धान्त पक्का झाला: जिथे काथ्या, तिथे गाजर.

यंदा नारळाचा मान शिवदास नाखव्याच्या घराला होता. सोनेरी कागदात मढवलेला, वाड्यातल्या बायांनी हळदकुंकू वाहिलेला नारळ आतल्या खोलीत पाटावर. वर नुसती शेंडी. मिरवणूक निघायला अर्धा तास असताना परेश आत गेला. सोड्या पाटावर बसला होता. नाकाला कुंकू. शेंडीचा शेवटचा धागा उपसून झाला होता, गाजर निघालं नव्हतं, आणि आपली फसवणूक झाली असा त्याचा चेहरा होता.

बिनशेंडीचा नारळ देवाला चालत नाही, तर दर्याला काय चालणार? आणि उद्या पहाटे मोसमाची पहिली होडी त्याच दर्यावर. तीत परेश. पूजा झालेला नारळ बदलायचीही सोय नव्हती. परेशने प्राप्तीला फोन लावला.

"अय्या, म्हणजे त्याने स्वतः ओळखलं? किती हुशार झालाय!"

"प्राप्ती, उद्या दर्या मला गिळतो बघ."

"असं नको बोलू रे. मग सोड्याकडे कोण बघणार?"

परेशने स्वयंपाकघरातल्या नारळाची शेंडी उपटली आणि चप्पल चिकटवायच्या गमची अख्खी ट्यूब पूजेच्या नारळावर ओतली. शेंडी घट्ट चिकटली. परेशच्या उजव्या हाताची तीन बोटंही चिकटली.

"परेश, नारळ आण रं!" दारात बापाने हात पुढे केले.

"बाबा, यंदा... मी धरतो."

शिवदास नाखवा बघतच राहिला. परेशच्या आईने, चंद्राबाईने, डोळ्यांना पदर लावला. "दोन म्हयने सशासंगं बोलत व्हता. मला वाटला, पोर गेला कामातनं. न्हाय, अक्कल आली!"

मिरवणुकीत सगळे नाचले. परेश नाचला नाही. बेंजोच्या प्रत्येक ठेक्याला त्याची कातडी ओढली जात होती. पाण्यात आल्यावर बाप म्हणाला, "सोड आता."

"सोडतोय."

"अरं, सोड की!"

"सोडतोच हाय!"

गुडघा, कंबर, छाती. परेश पुढेच चालला. शेवटी एक लाट आली आणि नारळ घेऊन गेली. शेंडी बोटांतच राहिली. परेशने मूठ आवळली आणि डोळे मिटून दर्याच्या रागाची वाट पाहिली.

आवाज आला तो वाड्यातल्या सगुणाकाकीचा. "काय भक्ती गो! नारळ सोडवंना पोराला!"

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन रघू नाखवा यांनी तिथेच ठराव केला. दरसाल नारळ परेशनेच वाहायचा, आणि उद्या सगळ्या होड्यांच्या पुढे परेशची होडी. "दर्या आता त्याला वळखतो," ते म्हणाले.

परेशला नेमकी हीच भीती होती. घरी येऊन, अंगात हुडहुडी भरलेली असताना, त्याने डाव्या हाताने अर्ज लिहायला घेतला:

'मा. मत्स्यव्यवसाय परवाना अधिकारी यांस,

विषय : पोच मिळणेबाबत.

महोदय, आज रोजी अर्पण केलेला नारळ, एक नग (शेंडी सोबत जोडली आहे), दर्याने मनात कोणताही राग न धरता स्वीकारल्याची सहीशिक्क्यानिशी पोच दर्याकडून मागवून घ्यावी व ती अर्जदारास उद्या पहाटे होडी सुटण्यापूर्वी मिळावी, ही नम्र विनंती.'