पोळ्याच्या दिवशी मोटारीची आंघोळ

मोटार या विषयावर माझ्याशी कुणी वाद घालू नये, हे आधीच सांगून ठेवतो. मोटारीचं झाकण उघडून आत तोंड खुपसण्याची हिंमत त्या काळी अख्ख्या कामरगावात माझ्या एकट्याकडे होती! अकोल्याला मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका शेडसमोर माझ्या चुलतभावाचं पानाचं दुकान होतं. तिथं मी एक अख्खा पावसाळा काढला. पान लावता लावता समोरच्या दुरुस्तीवर अशी बारीक नजर ठेवायचो, की गिऱ्हाइकांची तोंडं चुन्यानं भाजायची. पण विद्या म्हटली की कुणाला तरी झळ लागायचीच!

माझे मामा दौलतराव हे गावातले मोठे कास्तकार. त्या साली कपाशी चांगली झाली आणि मामांनी एका जिनवाल्या शेठची जुनी मोटार घेतली. कापडी टप, पितळी भोंगा, आणि पुढून हँडल मारलं की सुरू व्हायची. शेठचा ड्रायव्हर ती दारात उभी करून जो गेला तो गेलाच. आता चालवणार कोण? मी पुढं झालो. मला मोटार चालवता येते हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं, कारण नाही म्हणायला दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

पण मी पुढं झालो ते काही मोटारीच्या प्रेमापोटी नव्हे. मामांची मुलगी पंचफुला! आमच्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. मामी मनकर्णाबाईंना मात्र हा हक्क मंजूर नव्हता. त्यांनी कारंज्याच्या एका अडत दुकानातला दिवाणजी हेरून ठेवला होता. "जगदेवले येते काय?" असं त्या मामांना माझ्याबद्दल विचारायच्या, आणि मामा बिचारे सुपारी कातरत बसायचे. मोटार आल्यावर मामांना बोलायला तोंड फुटलं.

"त्याले मोटर येते!" मामा म्हणाले.

"मंग दाखवू द्या," मामी म्हणाल्या. "पोळ्यात साऱ्या गावासमोर मोटर तोरनाखालून चालत गेली पायजे. गेली तं पोरगी याची. नाई गेली तं दुसऱ्या दिवशी कारंज्याले मानूस धाडतो मी."

"धाडाच नाई लागत मामी!" मी मिशीवरून हात फिरवला. खरं तर तोरणाखालून मोटार नेणं म्हणजे काय? दोन्ही बाजूंना बांबू, वर आंब्याची पानं, खालून सरळ जायचं! मला तर परीक्षा फारच सोपी वाटली.

पोळा उजाडला. गावातले सगळे बैल नाल्यावर आंघोळीला निघाले. मामा म्हणाले, "मोटर बी घे नाल्यावर. तोरनाखाली जाचं म्हनजे न्हाऊनधुऊनच गेलं पायजे." मी भोंगा वाजवत नाल्यावर गेलो. मोटार पाण्याच्या कडेला उभी करून चाकं धुतली, दारं घासली, पितळ चिंचेनं लखलखीत केलं. इथंच थांबलो असतो तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळ आली नसती. पण शेजारी मामांचा गडी सोमला बैल धूत होता.

"जगदेवभाऊ," तो म्हणाला, "बैलाचं म्या पोट धुतलं, काखा धुतल्या. हिले तुमी नुसती वरवर काहून धुऊन राह्यले?"

नाल्यावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. आता आतलं धुवायचं नसतं असं म्हणावं, तर का नसतं ते सांगावं लागणार. आणि अकोल्याच्या शेडमध्ये ते कुणी सांगितलं नव्हतं!

"अबे, पोटच तं राह्यलं होतं!" मी म्हणालो आणि झाकण उघडलं.

आत काय मळ होता म्हणून सांगू! शेठनं जन्मात कधी तिला आतून पाणी दाखवलेलं नसावं. मी बादलीवर बादली ओतली. पहिल्या बादलीला चर्र आवाज होऊन वाफ निघाली, तेव्हा बघणारे मागं सरकले आणि माझा रुबाब वाढला. प्रत्येक नळी, प्रत्येक तार, प्रत्येक डबी मी राखेनं घासली. इंजीन असं चकाकलं, की त्यात तोंड बघून मी भांग पाडला. मग बॉनेटवर झूल टाकली, दिव्यांना बेगड लावलं, गेरूचे ठसे मारले, झेंडूची माळ घातली आणि हँडल मारलं.

मोटार गप्प.

आणखी मारलं. गप्पच! मी हँडल मारतोय, लोक मोजतायत, आणि मोटार नव्या नवरीसारखी मान खाली घालून उभी. शेवटी चारचौघांनी ढकलत ती मामांच्या दारात आणली.

"काय झालं बे?" मामांनी विचारलं.

मी झाकण उघडून बराच वेळ आत बघितलं. बघण्यात माझा हात कुणी धरला नसता. मग गंभीर होऊन सांगितलं, "पेट्रोलले सर्दी झाली मामा."

"मंग काढा देता काय?" मामींनी दारातून विचारलं आणि लगेच ठरवून टाकलं, "सर्दी नाई न काई नाई. नजर लागली! साऱ्या गावानं टकमक पाह्यलं तिच्याकडे."

त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. "मामी, विस्तव दूर! आत पेट्रोल हाये!" मी ओरडलो, तोवर मिरच्यांचा धूर अंगणभर पसरला. मामा खोकले, मामी खोकल्या, शेजारच्या घरातली माणसं खोकली. मोटार तेवढी खोकली नाही.

तेवढ्यात मला शेडमधली एक गोष्ट आठवली. मिस्त्री प्लग काढून चुलीवर शेकायचा! मी प्लग काढले आणि तडक स्वयंपाकघरात गेलो. पंचफुला पुरणपोळ्या भाजत होती. मी तिच्या तव्यावर पोळीच्या कडेनं प्लग मांडले.

तिनं प्लगांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तूप सोडू काय वरून?" तिनं विचारलं.

"मस्करी नको करू. आपल्या लग्नाचा सवाल हाये!"

"ते मले मालूम हाये." तिनं उलथन्यानं एक प्लग उलटा केला. "कारंज्याचा दिवाणजी पाह्यला म्या. घास गिनून खाते. माय म्हनते गुनाचा हाये, पन मले नाई तसा पटत. तुमी आटपा लवकर. आन् शेकून झालं की उचला, त्यायचा वास पुरनाले लागून राह्यला."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या अंगात दहा बैलांचं बळ आलं! मी गरम प्लग हातात घेतले, फुंकत फुंकत बाहेर पळालो, बोटं पोळून घेतली आणि ते बसवले. हँडल मारलं. काही नाही! प्लग खणखणीत कोरडे होते. पाणी बसलं होतं ते ठिणगी पाडणाऱ्या डबीत, मॅग्नेटोत. हे मी तेव्हाही सांगितलं असतं, पण मला कुणी मॅग्नेटोबद्दल विचारलंच नाही. मग झाकण उघडंच ठेवून मी दुपारभर तिला धोतराच्या सोग्यानं, पंच्यानं, शेवटी सुपानं वारा घातला.

तिकडे मैदानात डफडं वाजायला लागलं. बैल तोरणापाशी जमत होते. मामींनी मुद्दाम मला ऐकू जाईल अशा आवाजात कारंज्याला कोण जाणार याची चौकशी चालवली. मामांचा धीर सुटला.

"सोमला, बैलजोडी आन! मोटरीले जुंप!"

"आज?" मामी कडाडल्या. "पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू? लोक तोंडात शेन घालतीन!"

खरंच होतं. त्या दिवशी बैलाकडून काडीचं काम घेणं म्हणजे पाप. बैलांना सुट्टी म्हणून गड्यांनाही सुट्टी. मग ओढणार कोण? मामांनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"तुले पोरगी पायजे ना?" मामा म्हणाले.

सोमलानं नाडा आणला, माझ्या छातीवरून घेऊन पाठीवर पक्की गाठ मारली, दुसरं टोक मोटारीला बांधलं. बैल जुंपायची सवय असल्यानं त्यानं मला एकदा पाठीवर थोपटलंसुद्धा! मागून शेजारी ढकलायला लागले. वळवायला कुणीतरी हवं म्हणून मामा चाकाशी बसले. मी बजावलं, "मामा, चाक तेवढं धरा. बाकी कायलेच हात लावू नका!" रस्ता उताराचा होता हे माझं नशीब. तेव्हा तरी मला तसं वाटलं.

मैदानात पोचलो तर बैल सजून रांगेत उभे, आणि आमचे पाटील रामकिसन झडती, म्हणजे पोळ्यातलं चिमटे काढणारं गाणं, म्हणायला सरसावलेले. मला बघताच त्यांना तिथल्या तिथं सुचली.

"दौलतरावची मोटर, धुतली तिची काया,
भाचा झाला बैल आता, मामी करे माया!
हर बोला हर हर महादेव!"

सगळं मैदान हसलं. पंचफुला बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती की रडत होती, ते दिसलं नाही. मी मान खाली घातली आणि ओढत राहिलो. तोरण समोर होतं.

आणि नेमकं तेव्हा मामांनी समोर दिसला तो दांडा ओढला. तो निघाला गिअरचा!

धडाम्! एवढ्या उन्हावाऱ्यात मॅग्नेटो सुकला होता की काय, चालत्या मोटारीनं एकदम बार काढला, काळा धूर सोडला आणि ती सुरू झाली! मागचे ढकलणारे तोंडावर पडले. मी मागं वळून बघतो तो झेंडूची माळ घातलेली मोटार माझ्या अंगावर! बाजूला उडी मारावी, तर नाडा बांधलेला. मी पळालो. मी पुढं, मोटार मागं!

"हो! हो! थांब वं माय!" मामा मोटारीला विनवत होते आणि चाक कासऱ्यासारखं स्वतःकडे ओढत होते. बैल उधळले, झुली उडाल्या, डफडेवाला डफडं टाकून झाडावर चढला. मी तोरणाखालून गेलो, माझ्या मागं मोटार गेली, मोटारीच्या मागं तोरण गेलं. गावाच्या टोकाला कडब्याची गंजी होती. तिच्यात आधी मी शिरलो आणि मग मोटार शिरली.

लोकांनी आम्हाला बाहेर काढलं. मामांच्या मिशीत कडबा होता. रामकिसन पाटील धापा टाकत आले ते भांडतच. "तोरनाखालून पयला मान माह्या बैलाचा! हा जगदेव काहून गेला आंधी?"

"ते राहू द्या पाटील," मामा म्हणाले. "मोटर चालली का नाई, ते सांगा!"

"चालली कुठी? त्यानं ओढली!"

"ओढली कुठी? तो तं पळून राह्यला होता!"

गाव दोन तट करून भांडायला लागलं. माझ्या लग्नाचा निकाल कुणाच्याच हातात राहिला नाही. मी मामींकडे बघितलं. मामी माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. खांदे पाहिले, पाय पाहिले, पाठीवरची गाठ ओढून पाहिली.

"मोटरीतलं मले काई समजत नाई," त्या शेवटी म्हणाल्या. "पन एवढं मांगून अंगावर आलं, तरी या पोरानं नाडा नाई सोडला. असा जवाई कारंज्यात कुठी भेटीन? पोरगी याची!"

गाठ पाठीवर होती आणि माझा हात तिथवर पोचत नव्हता, हे सांगायची ती वेळ नव्हती. मी नम्रपणे मामींच्या पाया पडलो.

उन्हाळ्यात लग्न झालं. वरातीला मोटार काढायची असं मामांनी जाहीर केलं. पंचफुला आत बसली. मी झोकात हँडल घ्यायला पुढं गेलो, तर मामींनी मोटारीला आधीच बैलजोडी जुंपून ठेवली होती!

"अवं मामी, हे काय? म्या चालवतो ना!"

"तुमी बसा गुमान, जवाईबापू," मामी म्हणाल्या. "आज तुमचा पोळा हाये. उद्यापासून जुंपाचंच हाये तुमाले!"