अस्तर वाळू दे

पेंटर शिवलकरांना संगणकाच्या पडद्यावर काहीही दाखवलं, की ते खुर्ची मागे सारतात, माझ्या घराबाहेर पडतात, रस्ता ओलांडतात आणि समोरच्या कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्याला पाठ लावून उभे राहतात. खिडकी उघडून पडदा त्या बाजूला वळवण्याचं काम माझ्याकडे. डोळे बारीक करून ते बघतात आणि तिथूनच ओरडतात, “नाय वाचता येत!” मध्ये रिक्षा आली तर ती जाईपर्यंत थांबतात आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून ओरडतात.

वेबसाइट लोक हातातल्या फोनवर, वीतभर अंतरावरून वाचतात, हे मी त्यांना एकदा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पलीकडून वाचता आली तर ती पाटी,” ते म्हणाले. “जवळ जाऊन वाचायला लागते ती चिठ्ठी.”

मांडवीत आमची घरं शेजारी-शेजारी. शिवलकर सत्तरीच्या पुढचे, अंगाने काटक, सदऱ्याच्या खिशात स्टीलची फूटपट्टी. रत्नागिरीतल्या निम्म्या जुन्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या आणि मिरकरवाड्याच्या बंदरातल्या नौकांवरची नावंही. बाजारातून त्यांच्याबरोबर चालणं वेळखाऊ असतं. ते माणसांना ओळख देत नाहीत, पाट्यांना देतात. “हा ‘क्ष’ बघा, कसा पोट सोडून बसलाय.” “ह्या ओळीत अक्षरांना श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाय.” एकदा तापाने फणफणत दवाखान्यात गेले तर नाडी दाखवण्याआधी डॉक्टरांना म्हणाले, “डॉक्टर, बाहेरच्या ‘रुग्ण’चा ‘ण’ पडायला आलाय. आधी त्याचं बघा.”

एवढ्या माणसाच्या स्वतःच्या घरावर पाटी नव्हती.

त्यांच्या पत्नी उषावहिनी घरी आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमाचं आगळ करून विकतात. माल उत्तम, पण घर सापडायचं नाही. गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन ठेपायचं, नाहीतर थेट समुद्राकडे निघून जायचं. वहिनींनी नवऱ्याकडे पाटी मागितली तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत होता. तो आता मुंबईला नोकरी करतो आणि त्याच्या डोक्यावर टक्कल आहे.

“गावाला पाट्या आणि बायकोला आश्वासनं,” वहिनी पाणी भरता भरता मला ऐकवायच्या. मला म्हणजे भिंतीपलीकडच्या शिवलकरांना.

“गिऱ्हाइकाचं काम आधी,” पलीकडून उत्तर यायचं. “घरची पाटी सवडीने, चांगली करायची.”

सवड झाली तेव्हा हात गेला होता. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी त्या थरथरीला एक नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. शिवलकरांनी ते कुणाला सांगितलं नाही. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा त्यांची रंगरंगोटी होते. त्या वर्षीही ते नेहमीच्या एका नौकेवर नाव घालायला गेले. मनगटाखाली टेकू म्हणून काठी धरली, तरी रेघ लाटेसारखी गेली. मालक पोरगेला होता. तो फक्त “काका, चहा घ्या,” म्हणाला. पंधरवड्याने शिवलकर जेटीवर गेले तर त्या नावावर छापील स्टिकर चिकटवलेला होता. घरी येऊन त्यांनी ब्रश टर्पेंटाइनने धुतले, कागदात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले.

त्या दिवसापासून उषावहिनींनी पाटीचा विषय काढला नाही. टोमणे बंद झाले. शिवलकरांना ती शांतता फार जड गेली असावी, कारण यंदा आंब्याला मोहोर असताना एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले.

“तुम्ही पेपरात होतात. वेबसाइट म्हणजे पाटीच ना?”

“साधारण.”

“आणि तिला हात लागत नाय?”

“बटणं दाबण्यापुरता.”

“तेवढा चालतो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “हिची आंबापोळी उन्हात पडायच्या आत पाटी लागली पायजे. आता नाय जमलं तर कधीच नाय जमायचं.”

मी बरीच वर्षं दैनिकाची पानं लावली आहेत, वेबसाइट कधी केलेली नव्हती. आम्ही दोघेही सारखेच अडाणी, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते खूश झाले. “मग कोण कुणाला शिकवायचा प्रश्न नाय.”

तयार साचे देणारी एक सेवा मी शोधली. शिवलकरांनी साचे पाहिले आणि एकाच शब्दात निकाली काढले. “स्टेन्सिल.” साइटच्या पत्त्यासाठी वर्षाचं भाडं द्यावं लागतं हे त्यांना पटलं. पाटी टांगलेली भिंत दुसऱ्याच्या मालकीची असली तर भाडं आलंच. पत्ता ‘शिवलकर मांडवी’ असा घेतला. मग मी रिकामं, पांढरं पान पडद्यावर आणलं आणि ते जगाला दिसू लागल्याचं त्यांना सांगितलं. ते उठले.

“आज एवढंच. अस्तर वाळू दे.”

मी समजावलं की यात काही ओलं नसतं.

“तुम्हाला ओलं दिसत नाय म्हणून ते सुकं असतं असं नाय.”

कोऱ्या पत्र्यावर आधी पांढऱ्या रंगाचा हात मारायचा, तो पुरता वाळू द्यायचा आणि मगच अक्षराला ब्रश लावायचा, हा त्यांचा जन्मभराचा नियम. तो मोडायला ते तयार नव्हते. साइट तशीच पांढरी राहिली. दरम्यान उषावहिनींनी उत्साहाने पत्ता चिपळूणच्या एका गिऱ्हाईक बाईला देऊन टाकला. तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

“काकू, नुसतं पांढरं दिसतंय हो!”

शिवलकरांनी फोन हातातून घेतला. “बरोबर दिसतंय. एकसारखं आहे ना? कुठे डाग नाय ना?”

“नाही…”

“मग उत्तम. परवा बघा.”

वहिनी डोक्याला हात लावून आत गेल्या. “अवो, माझी पोळी वाळेल तुमच्या अस्तराआधी!”

अस्तर वाळल्यावर मजकूर सुरू झाला. फोटो घालावा असं मी सुचवलं आणि आंबापोळीचा एक काढलाही. शिवलकर नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडून गेले. “चपलेचा तळ वाटतोय!” तिथून ओरडले. गल्लीतून जाणाऱ्या दोघांनी खिडकीत डोकावून पाहिलं आणि दुजोरा दिला. फोटो गेला. नुसते पदार्थांचे शब्द राहिले, मोठ्या अक्षरांत.

अक्षरांवर मात्र सगळं अडलं. संगणकात मराठीचे जेवढे टंक होते तेवढे मी त्यांना दाखवले. एकाच्या ‘ळ’ला पोट नव्हतं. एकाचा ‘श’ गाठ न मारता सुटलेल्या नाडीसारखा होता. एकाला बघून त्यांनी नुसतं तोंड फिरवलं. शेवटी ठरलं की बाकी मजकूर कसाही असो, वरचं नाव त्यांच्या हातचं हवं. नाव नेहमी शेवटी लिहायचं, हा त्यांचा आणखी एक नियम. त्यामुळे पानाचा माथा मोकळाच होता.

मी चित्र काढायची सोय पडद्यावर उघडून दिली. शिवलकरांनी माउस धरला. हात थरथरला, पडद्यावरची रेघही थरथरली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि माउस सोडून दिला. बाहेर वहिनी कुणाला तरी ‘पाट्याचं काय झालं?’ असं विचारत होत्या; तो पाटा-वरवंट्यातला पाटा होता.

मी एक बटण दाबलं. रेघ नाहीशी झाली.

“कुठे गेली?”

“मागे घेतली.”

“फडकं न मारता?”

“हो.”

“आणि खाली डाग?”

“नाही.”

त्यांनी पुन्हा रेघ ओढली. थरथरली. बटण दाबलं. पुन्हा ओढली. हात सगळा वेळ थरथरत नसतो. मध्येच एखादा क्षण तो पूर्वीसारखा स्थिर होतो आणि त्यांना बहुधा तो क्षण आधी जाणवायचा. त्या क्षणात आलेली रेघ ठेवायची, बाकीच्या मागे घ्यायच्या, अशी पद्धत त्यांनी स्वतःच बसवली. एका सकाळी एखादा काना व्हायचा. एखाद्या सकाळी काहीच नाही. तेव्हा ते म्हणायचे, “आज अस्तरच समजू,” आणि चहा न घेता घरी जायचे.

पहिलं अक्षर पुरं झालं तेव्हा मी पाहिलं. तो ‘स’ होता, दाणेदार आणि भारदस्त.

“‘उ’ हवा होता,” मी म्हणालो.

“‘स’च हवा.”

पुढच्या काही दिवसांत ‘त्य’ झाला. छापायला जाणाऱ्या पानावरचं नाव तपासायचं, ही माझी नोकरीतली सवय. मी पुन्हा हटकलं. “शिवलकर, हे कुणाचं नाव?”

“हिचंच.”

त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला आणि पडद्याकडे बघतच सांगितलं.

“सत्यभामा. हिचं लग्नाआधीचं नाव. आमच्या थोरल्या वहिनीचंही तेच. आई म्हणाली, एका घरात दोन सत्यभामा नकोत, हाक कुणाला मारली ते कळायचं नाय. नवं नाव काय ठेवायचं ते तू ठरव. मी ठरवलं उषा.”

“छान नाव आहे.”

“छान-बिन काय नाय. तबकात तांदूळ पसरलेला, त्यात अंगठीने नाव लिहायचं. सगळा मांडव वाकून बघणार. मी तेव्हा नवा पेंटर. तबक हे एवढंसं. लांब नाव असतं तर शेवटचं अक्षर काठावर चढलं असतं. म्हणून दोन अक्षरी घेतलं. काय बसलं होतं सांगू! शेडिंगसकट. लोक वाहवा म्हणाले.” ते थांबले. “ही खाली मान घालून बसली होती. तिला कुणी विचारलं नाय. मी पण नाय.”

मी पडद्यावरचा ‘त्य’ जरा मोठा करून दिला.

“तिची आई होती तोवर ‘भामे’ म्हणून हाक मारायची. ती गेली. आमची थोरली वहिनीही गेली. आता घरात दोन सत्यभामा होतील ही भीती नाय. एक पण नाय.”

“पडद्याची रुंदी पुरेल?” मी विचारलं.

“पुरते. मोजली.” त्यांनी खिशावर हात ठेवला.

नाव पुरं झालं तेव्हा आंबापोळ्यांची पहिली ताटं आमच्या दोघांच्या गच्चीवर उन्हात पडलेली होती. म्हणजे ठरलेली मुदत थोडक्यात हुकली होती. शिवलकरांनी वहिनींना बोलावणं पाठवलं नाही, मलाच हाक मारायला लावली. कोपरापर्यंत आंब्याच्या रसाने भरलेले हात अंगापासून लांब धरून वहिनी आल्या आणि उंबऱ्यातूनच पडद्याकडे पाहू लागल्या. हात भरलेले असल्याने त्यांना पदर डोळ्यांना लावता येईना. त्यांनी दंडाने चेहरा पुसला.

“‘भा’चा काना वाकडा झालाय,” त्या म्हणाल्या.

“माहीत हाय गो. मागे घेऊ?”

“खबरदार.”

एवढं बोलून त्या गच्चीवर परत गेल्या. शिवलकरांनी त्या दिवशी माझ्याकडे दोन वेळा चहा घेतला.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या पडवीत बसलो असताना वहिनींचा फोन वाजला. दापोलीहून कुणी अनोळखी बाई बोलत होत्या. त्यांनी साइट पाहिली होती आणि त्यावरचं नाव घेऊन, त्याच बोलताहेत का, असं विचारलं. वहिनी उत्तर द्यायच्या आधी थांबल्या. शिवलकर पायरीवर बसून पाठमोरे बाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

“हां,” वहिनी म्हणाल्या. “सत्यभामाच बोलते.”

पलीकडे नीट ऐकू गेलं नसावं. बाईंनी पुन्हा विचारलं असावं. वहिनींनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि नाव परत सांगितलं, या वेळी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.