दुधाची साय, नंबर आठ

शनिवारी दुपारी विल्फ टॅपलीने एका बाईच्या पायांबद्दल जे बोलू नये, ते तिच्या पायांशी बसूनच बोलून टाकलं. हेतू वाईट नव्हता. लंडनच्या पूर्वेकडच्या त्या बाजारात बूट विकायचे तर गिऱ्हाइकाच्या पायांशी बसावंच लागतं, आणि समोरच्या ठेल्यावर ईल मासे विकणारा नॉबी मोकळा असला की बोलावंही लागतं.

बोलायची रीत मात्र बापजाद्यांची. अवयवाला त्याच्या नावाने हाक मारायची नाही. त्याला यमक जुळवायचं, जुळलेला शब्द गिळायचा आणि उरलेला तेवढा बोलायचा. पाय म्हणजे ‘दुधाची साय’, म्हणून पायाला नुसतं ‘दूध’. नाक म्हणजे ‘गाडीचं चाक’, म्हणून ‘गाडी’. दात म्हणजे ‘दिवसरात’, म्हणून ‘दिवस’. गिऱ्हाईक समोर बसून सगळं ऐकतं आणि त्याला ओ की ठो कळत नाही, अशी बाजाराची ठाम समजूत.

ही बाई फरच्या कॉलरची, पांढऱ्या हातमोज्यांची. तिला सहा नंबरचाच बूट हवा होता आणि पाय चांगले आठ नंबरचे.

“नॉबी,” विल्फ टाच रेटत म्हणाला, “दूध बघ केवढं आहे. एका पातेल्यात मावायचं नाही.”

“आणि गाडी?” नॉबीने तिकडून विचारलं.

“गाडी कधीच पोचली. बाई मागून येतायत.”

बाई ओठ मिटून ताडपत्रीकडे बघत राहिली. मग तेच सहा नंबर घालून लंगडत निघून गेली. हे दोघं पोट धरधरून हसले आणि विसरूनही गेले.

रविवारी चार वाजता मॉरीनचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच चहाला यायचे होते. मॉरीन विल्फची एकुलती एक लेक, आणि क्लाइव्ह पेनफोल्डवर तिचा जीव जडलेला. पेनफोल्ड मंडळी नदीपलीकडच्या सरबिटनची, बंगल्यात राहणारी. विल्फच्या बायकोने, आयव्हीने, आठवडाभर घोकून घेतलं होतं, “बाजारची भाषा दाराबाहेर ठेवायची. पोरीचं लग्न मोडलं ना विल्फ, तर तुझ्या तोंडामुळे मोडेल.”

विल्फने पडदा बाजूला सारून पाहिलं. मोटारीतून आधी फरची कॉलर उतरली. मग नाक उतरलं. पायात सहा नंबर होते.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. कालचा एकेक शब्द आठवला आणि कानांच्या पाळ्या तापल्या. तिला शब्द कळले नसतील, पण हसणं कळायला काय यमक लागतं? आपण एका आईच्या पायांना हसलो आणि आता आपल्या पोरीने रडायचं. त्याने खुंटीवरचा आयव्हीचा स्कार्फ ओढला आणि हनुवटीखालून डोक्यावर करकचून बांधला. चेहरा निम्मा झाकला गेला.

“हे काय सोंग?” आयव्ही म्हणाली.

“दात दुखतोय.”

“तुझा?” आयव्ही आणखी काही म्हणणार तेवढ्यात घंटा वाजली.

क्लाइव्हचे वडील डॉक्टर आहेत, एवढंच मॉरीनने सांगितलं होतं. कसले, ते विल्फने विचारलं नव्हतं. मिस्टर पेनफोल्ड दातांचे निघाले.

“घरात डॉक्टर आल्यावर दुखणं अंगावर काढायचं नसतं,” ते कोट उतरवत म्हणाले. “स्वयंपाकघरात उजेड आहे ना? चला. मिसेस टॅपली, एक चमचा द्या.”

विल्फने मान हलवली, हात हलवले, घशातून नाही नाही ते आवाज काढले. पेनफोल्डना वाटलं, ठणका फारच आहे. त्यांनी त्याला खिडकीपाशी बसवलं, स्कार्फ सोडला, तोंड उघडायला लावलं आणि बोट घातलं. दातांची वरची ओळ त्यांच्या हातात आली. पाठोपाठ खालची आली.

त्या गल्लीत एकविसाव्या वाढदिवसाला सगळे दात काढून कवळी बसवून देणं ही वडीलमंडळींची भारीतली भेट. पुढची कटकट नको. विल्फच्या बापानेही मोठ्या हौसेने दिली होती. घाबरलेल्या माणसाला आपल्या तोंडात काय आहे हेही आठवत नाही, त्याला कोण काय करणार.

“नेमका कुठला दुखतोय?” पेनफोल्डनी शांतपणे विचारलं.

दारात मॉरीन रडकुंडीला आली होती. तिच्या मागून मिसेस पेनफोल्ड विल्फच्या उघड्या, बोळक्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या. विल्फने मान खाली घातली. जन्मात इतकी लाज त्याला वाटली नव्हती.

“हर्बर्ट, तुम्ही सगळे बाहेर बसा,” मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या. “मी बघते यांच्याकडे.”

दार लागलं. विल्फ चाचरत म्हणाला, “मॅडम, काल… माझं तोंड फाटकं आहे हो. पोरीवर नका राग काढू.”

“आधी दिवस तोंडात घाल,” त्या हळूच म्हणाल्या. “मग बोल.”

विल्फचा हात दातांवरच थांबला.

“दूध कळलं, गाडी कळली, सगळं कळलं. माझा बाप पुढच्याच गल्लीत शिंपल्या विकायचा. हर्बर्टला वाटतं मी पाद्र्याची मुलगी आहे. अठ्ठावीस वर्षं वाटतंय.” त्यांचा आवाज बारीक झाला. “मी इथलीच, हे तू काल ओळखलंस म्हणून तोंड बांधून बसलायस, असं वाटलं मला. सांगणार नाहीस ना कुणाला?”

“मी कशाला सांगू? पण मॅडम, मग काल गप्प का बसलात?”

“बोलले असते तर तुम्ही गप्प बसला असता. तेवढंच तर ऐकायला येते मी.”

लग्न ठरलं. पुढच्या शनिवारी मिसेस पेनफोल्ड ठेल्यावर येऊन बसल्या आणि त्यांनी पाय पुढे केला. विल्फने न विचारता आठ नंबर काढला, घातला, नाडी बांधली आणि खाली मान घालून “बरोबर बसलाय, मॅडम,” एवढंच म्हणाला. समोर नॉबी वाट बघून कंटाळला.

बाईही वाट बघत होत्या. शेवटी त्या वाकून म्हणाल्या, “झालं? दोन बस बदलून आलेय मी, विल्फ. माझ्या दुधाबद्दल कुणी काही बोलणार आहे की नाही?”

विल्फ कानापर्यंत लाल झाला. त्याने आधी नॉबीकडे पाहिलं, मग त्या पायाकडे पाहिलं, आणि त्याला एक शब्द सुचेना.