बाटलीवर नाव कोणाचं

मुलगी हल्ली आठ वाजताच झोपायची, चार-चार अंडी खायची आणि खोलीचं दार लावून आत कण्हायची. आईने मासिकातली नशेच्या लक्षणांची यादी काढली. तीत भूक वाढणंही होतं आणि भूक मरणंही. झोप येणंही होतं आणि झोप उडणंही. अशा यादीतून शेजाऱ्यांचं मांजरही सुटलं नसतं, पण आईने मुलीची बॅग तपासली. तीत पांढरी पूड सापडली.

"तिलाच विचारूया का?" आई म्हणाली.

"आधी तपासणी. मग बोलणं," बाबा म्हणाले. वीस वर्षं रक्त-लघवीच्या लॅबमध्ये काढलेला माणूस. घरात कोणाला ताप आला, तर कपाळाला हात लावण्याआधी सुई शोधायचा.

चिमूटभर पूड बाटलीत घालून ते लॅबमध्ये गेले आणि तिथे अडले. नावाशिवाय बाटली कपाटात ठेवायची नाही, हा नियम त्यांचाच. एकुलत्या एका लेकीचं नाव लिहायला हात धजेना. शेवटी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली, सवयीने, 'अमली पदार्थाचा संशय'.

कपाट उघडलं नेमकं लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी बाबांना बसवलं, पाणी दिलं.

"कधीपासून घेताय?"

खरं सांगावं तर लेकीचं नाव येणार. बाबांनी आणखी पाणी मागितलं. बाईंची खात्रीच पटली आणि त्यांनी घरी फोन लावला.

मायलेकी धावत आल्या. मुलगी बाबांचा हात धरून म्हणाली, "बाबा, मी रागावणार नाही. खरं सांगा, तुम्ही नशा करता?"

बाबांना रडू फुटलं. जे विचारायला त्यांना इतके दिवस धीर झाला नव्हता, ते लेकीने एका दमात विचारलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नाही गं. पूड तुझ्या बॅगेतली आहे. तू करतेस?"

"मी?" मुलगी बघतच राहिली. "अहो, ती तळहाताला लावतात, घामाने पकड सुटू नये म्हणून. तीन महिने झाले, मी वजन उचलायला शिकतेय. खोलीत बैठका मारते."

"मग लपवलंस कशाला?" आई म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"मला विचारलं होतंस?"

मुलीने मान खाली घातली. "भीती वाटली," ती म्हणाली. आईने तिचे तळहात उलटून बघितले. त्यांवर घट्टे पडले होते.

डॉक्टरीणबाई हळूच बाहेर गेल्या आणि त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"आज जरा लवकर घरी या. नाही हो, झालेलं काही नाही. एक विचारायचं राहून गेलंय."