निमजे ओरडतात

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी माझी बायको शालिनी वारली. सकाळी तिनं चहा केला. दुपारी ती नव्हती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे निमजे आले आणि माझ्यावर ओरडले.

"हे काय चालून राहिलं इथं?"

सांत्वनाला आलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य. मी दार अर्धंच उघडलं होतं. ते त्यांनी पूर्ण ढकललं, पडदे पाहिले, पंखा पाहिला, टेबलावरचा न उघडलेला डबा पाहिला आणि आवाज आणखी चढवला. "दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद! माणूस राहून राहिला इथं, का आंबे पिकू घातले?"

भास्कर निमजे मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. लहानपण मागाच्या खडखडाटात गेलं आणि नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, टर्बाइनपाशी. त्यामुळे आपल्या आणि समोरच्या माणसाच्या मध्ये एखादं यंत्र चालू आहे, असं धरूनच ते बोलतात. निवृत्तीनंतर ते बेसाला आमच्या इमारतीत राहायला आले. एकटेच. पत्नी त्याआधीच गेलेल्या, मुलगा बंगळुरूला. इमारतीत ते ज्याला रागावले नाहीत असा माणूस नाही. वॉचमनला रागावतात, पाण्याच्या टँकरला रागावतात, सिमेंटचा नवाकोरा रस्ता पुन्हा खोदणाऱ्यांना तर गॅलरीतूनच रागावतात. एकदा लिफ्ट मध्येच अडकली. आतल्या बाकीच्यांनी धोक्याचं बटण दाबलं. निमज्यांनी लिफ्टला झापलं. ती योगायोगानं सुरू झाली. तेव्हापासून लिफ्ट आपल्याला घाबरते, असा त्यांचा समज आहे.

माझं उलट. माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात, 'शांतता राखा' या पाटीखाली गेलं. हळू बोलणं ही माझी नोकरीच होती. शालिनी गेल्यावर मी तेही सोडलं.

कारण बोलायला आलेली माणसं. सगळी भली माणसं. येत, माझा हात हातात घेत आणि खालच्या आवाजात म्हणत, "अहेव गेली हो. भाग्याची." कुणी म्हणे, "कपाळभर कुंकू घेऊन गेली. असं मरण कुणाला मिळतं?" नवऱ्याच्या आधी जाते ती बायको पुण्यवान. मी मागे उरलो, हा तिचा फायदा. प्रत्येकानं मला तो समजावून सांगितला आणि प्रत्येकापुढे मी मान हलवली. मान हलवता हलवता तोंडातले शब्द संपले.

हैदराबादहून मुलगी, नेहा, रोज फोन करायची. मी "हं" म्हणायचो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, मार्च संपेपर्यंत हे असंच चाललं तर मी येऊन घराला कुलूप लावणार आणि तुम्हाला इकडे आणणार." मला जायचं नव्हतं. ते घर शालिनीनं लावलेलं होतं. पण जायचं नाही हे सांगायलाही बोलावं लागतं.

"रविवारी सकाळी तयार राहा," त्या दिवशी जाताना निमजे म्हणाले. "सायकलीवर जाऊ." मी मान हलवली. ती सवयच लागली होती.

सायकल म्हणजे साधी सायकल नव्हे. जाड टायरांची, बॅटरीवर चालणारी डोंगरी सायकल. पेडल मारलं की मोटार मागून ढकलते, अगदी गुपचूप. मुलानं अशा दोन पाठवल्या होत्या. एक वडिलांना, दुसरी तो स्वतः दिवाळीत येईल तेव्हासाठी. दुसरीच्या सीटवरचं प्लास्टिक मी फाडलं.

निमजे डोक्यावर वीज केंद्रातलं पिवळं हेल्मेट घालून आले होते. सायकलवाल्यांचं हेल्मेट त्यांना मान्य नाही. "भोकं भोकं आहेत त्याले! ते हेल्मेट आहे का चाळणी?"

उमरेडच्या रस्त्यानं थोडं गेलं, की ट्रकांचा रस्ता सोडून आत एक पांदण लागते. आधी दोन्हीकडे शेतं, मग शेतं संपतात आणि सागाचं रान सुरू होतं. इमारतीत मला 'सर' म्हणणारे निमजे पांदणीवर चाक टेकताच 'अरे-तुरे'वर आले आणि माझं नाव 'लायब्ररी' ठेवून मोकळे झाले.

त्या वाटेवर ज्यानं ज्यानं आम्हाला अडवलं, त्याला त्याला निमज्यांनी सुनावलं. बाभळीचा काटा टायरात घुसला. तो चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "तुले दुसरं टायर नाही भेटलं?" सागाच्या वाळक्या पानांखाली ओढ्यानं कापलेली घळ होती; पानं सपाट दिसली म्हणून मी गेलो आणि सायकलीसकट आत पडलो. निमजे आधी घळीला बोलले, मग पानांना, मग जंगल खात्याला आणि शेवटी मला. रोही, म्हणजे नीलगाय, वाटेत आडवी उभी होती, पिल्लू घेऊन. "सरक वं बाई! पोट्टं घेऊन रस्त्यात उभी राहते, याले काही अर्थ आहे?" नराला 'गा', मादीला 'वं'. यात ते कधी चुकत नाहीत. एक धामण सावकाश वाट ओलांडत होती. ते कमरेवर हात ठेवून थांबले. "जा, आरामात जा! आम्ही रिकामेच आहो!"

मग मोहाची झाडं आली. मोह गळण्याचे दिवस होते, खाली फुलांचा सडा होता. निमज्यांनी मला थांबवलं.

"आता ऐक. ही बॅटरीची सायकल मोठी लबाड चीज आहे. मोटरसायकल दुरून समजते, बैलबंडी समजते. हे भुतावानी पोचते. अस्वल मोह खाऊन राहते, मान खाली. त्याले काही ऐकूच येत नाही. आपण एकदम त्याच्या पुढ्यात! मग ते घाबरते, अन् घाबरलं की फाडते. म्हणून इथून पुढं तोंड बंद ठेवायचं नाही. ओरडत जायचं."

"घंटी वाजवली तर?" मी विचारलं.

"घंटी? हे काय देऊळ आहे? अस्वल येऊन प्रसाद मांगन!"

हा धडा त्यांना स्वतःला मिळालेला होता. गेल्या उन्हाळ्यात ते असेच गुपचूप वळणावरून पुढे गेले, तर समोर अस्वल. ते दोन पायांवर उभं राहिलं. भीतीनं निमज्यांच्या तोंडून टर्बाइनवरचा आवाज निघाला, "काय चालून राहिलं इथं?" अस्वल निघून गेलं. "घाबरलं नाही ते," निमजे सांगतात. "लाजलं."

मग ते पुढे आणि मी मागे. ते ओरडत सुटले. टँकरवाला, सिमेंटचा रस्ता, सोसायटीचा सेक्रेटरी, उमरेडच्या घराची सामाईक भिंत स्वतःकडे ओढून घेणारा चुलतभाऊ. एकेकाला नाव घेऊन झाडाझुडपांसमोर सोलून काढलं. पोपट उडाले. मध्येच ते मागे वळले. "तुहा आवाज काहून नाही येऊन राहिला?"

मी पुस्तकांच्या वर्गीकरणाचे आकडे म्हणायला लागलो. शंभर, तत्त्वज्ञान. दोनशे, धर्म. तीनशे, समाजशास्त्र.

निमजे थांबले. थोडा वेळ ऐकलं. "बाप्पा! याच्यानं अस्वल पळणार नाही. झोपन."

असे दोन-तीन रविवार गेले. माझी गाडी नऊशेच्या, इतिहासाच्या पुढे जाईना. नेहाचा फोन येई, मी "हं" म्हणे. मार्च संपत आला होता.

त्या रविवारी निमज्यांची साखळी उतरली. ते खाली बसून साखळीला शिव्या देत म्हणाले, "तू हो पुढं. पण बोलत जा गा!" मी तत्त्वज्ञान म्हणत निघालो. धर्मापर्यंत आलो आणि मग विसरलो. मोटार गुपचूप ढकलत होती. वळण आलं.

मोहाच्या झाडाखाली अस्वल होतं. आमच्या दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसरी असते, तेवढ्याच अंतरावर. त्यानं मान वर केली आणि ते दोन पायांवर उभं राहिलं. छातीवर पांढरा पट्टा होता. मी दोन्ही ब्रेक दाबून धरले. ओरडायचं हे आठवत होतं. तोंड उघडलं, तर शब्द आला तो हा.

"भाग्याची?"

अस्वल पाहत राहिलं.

"कसली भाग्याची?" मी ओरडलो. "हार्मोनियम शिकणार होती ती! मास्तरांना सांगून ठेवलं होतं, पुढच्या सोमवारपासून या म्हणून! त्यात भाग्य कुठे आहे? म्हणे कपाळ भरून गेली! कपाळ काय चाटायचंय? छातीत दुखत होतं त्याचं काय? चार दिवस! चार दिवस ॲसिडिटी म्हणून जिरं चावत बसली! मला सांगितलं नाहीस, शालिनी! सगळ्या गोष्टी सांगायचीस. दूध नासलं तरी सांगायचीस! एवढीच सांगायची राहिली? आणि हे लोक येतात, पेढा द्यावा तसं मला सांगून जातात, भाग्याची म्हणून! मी माना हलवल्या! सगळ्यांपुढे हलवल्या!"

अस्वल कधी गेलं ते मला कळलं नाही. मी मोहाच्या झाडावर ओरडत होतो.

मागे वळलो तर निमजे उभे होते. सायकल कमरेला टेकवलेली, हेल्मेट हातात. आता हे झापतील म्हणून मी थांबलो. पण त्यांचा आवाज ग्रंथालयात चालला असता इतका खाली होता.

"झालं?"

"नाही."

"मग ओरड. मी आहो इथं."

मी घसा बसेपर्यंत ओरडलो. मग आम्ही मोहापासून दूर, एका दगडावर बसलो. निमजे साखळीचं काळं बोटांवरून पुसत होते. ते जाईना.

"माही गेली तवा सगळे आले होते," ते म्हणाले. "हळू हळू बोलले. अहेव गेली म्हणे, नशीबवान म्हणे. मीबी हो हो म्हटलं. लय हळू बोलले सगळे." बोटं पुसून झाली तरी ते पुसत राहिले. "अन् मग हळू हळू यायचे बंद झाले."

त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला आणि एकदम खेकसले, "अन् तू ब्रेक काहून धरून बसला होता? अस्वल काय सिग्नल आहे? याले काही अर्थ आहे?"

संध्याकाळी नेहाचा फोन आला.

"बाबा, आवाजाला काय झालं तुमच्या?"

"अस्वलाशी भांडलो."

ती म्हणाली, "बाबा, निमजेकाकांना फोन द्या." निमजे माझ्याच स्वयंपाकघरात पोह्यांसाठी शेंगदाणे शोधत ओरडत होते. त्यांनी फोन घेतला. "काही नाही झालं वं पोरी तुह्या बापाले! त्या अस्वलाची तब्येत विचार!"

मग तिनं पुन्हा मला फोनवर घेतलं आणि ती चिडली. या वयात जंगलात जायचं काय कारण? काही झालं असतं म्हणजे? मीही चिडलो. म्हटलं, मी हैदराबादला येणार नाही, हे घर सोडणार नाही, आणि कुलूप आणलंस तर निमजे ते जिन्यातूनच परत पाठवतील. आम्ही दोघं भांडलो. भांडता भांडता ती रडली, मी रडलो, आणि पुन्हा थोडं भांडलो. मार्च संपला. ती आली, पण नुसती राहायला.

परवा नात्यातल्या एक बाई आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अहेव गेली हो, भाग्याची."

मी म्हटलं, "नाही." त्या दचकल्या. चहा न घेता गेल्या.

मोहाचा हंगाम संपला आहे. अस्वलं रानात आत गेली. त्या पांदणीवर आता ओरडण्याची गरज नाही. घरी शालिनी नाही. रविवारी निमजे पुढे असतात, मी मागे असतो आणि आम्ही दोघंही ओरडत जातो.